नास्तिकाचं मत कुणाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी देव मानत नाही हे चारचौघांत कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे कम्युनिस्ट का?" हल्ली त्या जागी दुसऱ्या पक्षांची नावंही येतात, पण सूर तोच. माझ्या मावशीने एकदा पुरणपोळी वाढता वाढता विचारलं, "मग मत कुणाला देतोस रे?" जणू देवावरचा विश्वास गेला म्हणजे मतदारयादीतलं नावही गेलं. गेली पंधराएक वर्षं मी विवेकवादी चळवळीच्या शिबिरांना जातो, कधी बोलायला, बहुतेकदा खुर्च्या मांडायला. तिथे आणि घरीदारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची ही उत्तरं. काही लांबलीत, काही दोन ओळींत आटोपलीत. मतं अर्थात माझी.

आधी हे सांगा, नास्तिक म्हणायचं तरी कुणाला?

आज आपण 'देव न मानणारा' या अर्थाने म्हणतो. जुन्या ग्रंथांत तसं नाही. पाणिनीच्या एका सूत्रावरून टीकाकारांनी अर्थ लावला तो असा, की परलोक आहे असं मानणारा आस्तिक आणि न मानणारा नास्तिक. मनुस्मृती म्हणते 'नास्तिको वेदनिन्दकः', म्हणजे वेदांची निंदा करील तो नास्तिक. दोन्हीकडे देवाचा उल्लेखच नाही. म्हणून तर जगाचा कर्ता ईश्वर मानायची गरज न वाटलेली सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शनं आस्तिकांच्या पंगतीत बसली, आणि जैन, बौद्ध, चार्वाक दाराबाहेर राहिले.

हा काथ्याकूट इथे कशाला, असं वाटेल. पण "देव मान किंवा नको मानूस, तू हिंदूच" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज म्हणता येतं ते यामुळेच. पक्षांच्या गणितात हे वाक्य फार उपयोगी पडतं. पुढे सावरकरांपाशी ते परत येईल.

नास्तिक म्हणजे डावा, हे समीकरण आलं कुठून?

मॉस्कोहून, बरंचसं. सोव्हिएत राजवटीने चर्च बंद केली, धर्मविरोधी प्रचाराला सरकारी बळ दिलं. अल्बेनियाने 1967 मध्ये स्वतःला निरीश्वरवादी राष्ट्र म्हणून जाहीर केलं. चीनच्या कम्युनिस्ट पक्षात आजही सदस्याला धर्म पाळायची मुभा नाही. 'कम्युनिस्ट देव मानत नाहीत' हे वाक्य जगभर पसरलं आणि कधीतरी उलटं फिरून 'देव मानत नाहीत ते कम्युनिस्ट' झालं.

आपल्याकडे भगतसिंगांमुळेही ही गाठ पक्की झाली. लाहोरच्या तुरुंगात 1930 मध्ये, फाशी समोर दिसत असताना, त्यांनी आपण नास्तिक का आहोत यावर लेख लिहिला, आणि ते समाजवादीही होते. गंमत म्हणजे आज त्यांचा फोटो सगळ्या पक्षांच्या कार्यालयांत दिसतो. फोटोला हार घालणाऱ्यांपैकी तो लेख किती जणांनी वाचलाय, हा प्रश्न मी सभेत विचारणं सोडून दिलंय.

कम्युनिस्ट पक्षात जायला नास्तिक असावं लागतं का?

भारतात तरी दारावर तसं कुणी विचारत नाही. नेतृत्व बहुतेक नास्तिक, कार्यकर्ते मिश्र आणि मतदार बहुतांश श्रद्धाळू, असाच हा संसार चालत आलाय. गिरणगावात लाल बावट्याच्या मोर्चात चालणारा कामगार संध्याकाळी चाळीतल्या भजनी मंडळात टाळ घेऊन बसायचा, गणपतीत दहा दिवस मंडपात राबायचा. युनियन बोनससाठी होती, गणपती घरचा होता.

बंगालमध्ये तर दुर्गापूजेच्या मंडपाशेजारी मार्क्सवादी पुस्तकांचा स्टॉल लावायची जुनी रीतच आहे. पण वरच्या फळीतला कुणी देवळात दिसला की पंचाईत व्हायची. 2006 मध्ये सुभाष चक्रवर्ती या मार्क्सवादी मंत्र्यांनी तारापीठच्या देवळात पूजा केली तेव्हा पक्षात वादळ उठलं होतं. साध्या सभासदाने तेच केलं असतं तर त्याची बातमी झाली नसती.

आपल्याकडचं उदाहरण गोविंद पानसरे. अंबाबाईच्या कोल्हापुरात आयुष्यभर कम्युनिस्ट पक्षाचं काम केलं, पण कार्यकर्त्यांना शिवाजी महाराज शिकवले, संत शिकवले. टोलच्या आंदोलनात त्यांच्यामागे चालणाऱ्यांत जोतिबाला जाणारेही होते. 16 फेब्रुवारी 2015 ला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, 20 तारखेला ते गेले.

सावरकर नास्तिक होते ना? मग हिंदुत्व कसं?

शिबिरात हा प्रश्न आला की चहाची सुट्टी पुढे ढकलावी लागते.

काटेकोर बोलायचं तर त्यांना अज्ञेयवादाच्या जवळचं म्हणावं. विश्वाचा गाडा चालवणारी काही शक्ती असेल, पण माणसाच्या नवसाला पावणारा, पूजेने खूश होणारा देव हा माणसाचा भ्रम, अशी त्यांची मांडणी होती. गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचं पालन करा, पूजन नको, हे त्यांनी 1930 च्या दशकात लिहिलं. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून 1931 मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना मोकळं. देवावर विश्वास नसलेला माणूस देऊळ बांधून घेतो, यात त्यांना विसंगती दिसली नाही. त्यांच्या लेखी देऊळ ही समाज एकत्र करायची जागा होती.

आता त्यांची हिंदूची व्याख्या पाहा. सिंधू नदीपासून सागरापर्यंतची ही भूमी ज्याची पितृभू आणि पुण्यभू, तो हिंदू. या व्याख्येत देव शोधून सापडत नाही. वेद नाहीत, पूजा नाही, पुनर्जन्म नाही. नास्तिक हिंदू त्यात आरामात बसतो. बाहेर राहतो तो, ज्याची पुण्यभू मक्का किंवा जेरुसलेम आहे, मग तो कितीही देवभोळा असो. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. 'देव आहे का' आणि 'माझी माणसं कोण' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पक्ष बांधले जातात ते दुसऱ्यावर. सावरकरांनी पहिल्याचं उत्तर आगरकरांसारखं दिलं आणि दुसऱ्याचं उत्तर आगरकर-गोखल्यांच्या उलट दिशेला नेलं.

एक तपशील मला फार बोलका वाटतो. नेहरूंनी 1954 मध्ये लिहिलेल्या मृत्युपत्रात स्पष्ट म्हटलं होतं, की माझ्यामागे कुठलेही धार्मिक विधी नकोत. मूठभर रक्षा गंगेत सोडा, पण तीही धर्मासाठी नव्हे, लहानपणापासून त्या नदीची ओढ आहे म्हणून. सावरकरांचीही शेवटची इच्छा अशीच होती. विद्युतदाहिनीत दहन करा, विधी नकोत. भारताच्या राजकारणातली ही दोन टोकं स्वतःच्या चितेबाबत एकमताची निघाली. 26 फेब्रुवारी 1966 ला सावरकर गेले आणि चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत त्यांचं दहन झालं. नेहरू त्याआधी दोन वर्षं, मे 1964 मध्ये गेले. त्यांना मात्र चंदनाची चिता आणि मंत्रपठण चुकलं नाही. पंतप्रधानाचं शव त्याच्या एकट्याचं नसतं, हे कारण असावं.

टिळक आस्तिक म्हणून जहाल आणि आगरकर नास्तिक म्हणून मवाळ, असं म्हणता येईल का?

नाही. आगरकर केसरीचे संपादक असताना त्यांनी आणि टिळकांनी कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात, डोंगरीच्या तुरुंगात एकत्र दिवस काढले आहेत. सरकारबद्दल दोघांचं मत फारसं वेगळं नव्हतं. भांडण झालं ते आधी काय, सामाजिक सुधारणा की स्वराज्य, यावर. 1888 मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढलं. पुण्याने त्यांना जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा दाखवली ती संमतिवयासारख्या घरात शिरणाऱ्या सुधारणांमुळे. ईश्वर आहे की नाही यावर ते नुसते वाद घालत बसले असते तर कुणी तिरडी बांधायची तसदी घेतली नसती.

आंबेडकरी जनतेला नास्तिक म्हणावं का?

म्हणू नये, निदान त्यांना न विचारता. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही असं स्वच्छ म्हटलंय. बुद्धाच्या धम्मात सृष्टिकर्ता ईश्वर नाही. प्यू रिसर्च सेंटरने 2019-20 मध्ये भारतात सुमारे 30 हजार लोकांशी बोलून केलेल्या पाहणीत 97 टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं, पण बौद्धांपैकी साधारण एक तृतीयांशांनी मानत नाही असं सांगितलं. देशातले तीन चतुर्थांशांहून अधिक बौद्ध महाराष्ट्रात राहतात. म्हणजे या देशात देव न मानणाऱ्यांची सर्वांत मोठी वस्ती शोधायची तर ती बहुधा विदर्भ-मराठवाड्यातल्या विहारांभोवती सापडेल. पुण्यातल्या बुद्धिवाद्यांच्या बैठका तिच्यापुढे चिमूटभर.

पण बाबासाहेबांचा आग्रह धर्म हवा असाच होता. ईश्वर नको, धम्म हवा. मार्क्सवाद्यांशी त्यांचा वाद याच मुद्द्यापाशी होता. नीतीला आधार म्हणून धर्म लागतो आणि हिंसेने आलेली समता टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे देव न मानणारा हा एवढा मोठा समाज राजकीयदृष्ट्या कम्युनिस्टांकडे गेला नाही. त्याचा रिपब्लिकन पक्ष झाला, आणि पुढे त्याचे किती तुकडे झाले ते मोजायला वेगळं पान लागेल.

अंधश्रद्धा निर्मूलनवाले सगळे नास्तिक आणि एकाच पक्षाचे असतात, खरं ना?

दोन्ही चूक. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते, पण महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देव आणि धर्म यांबाबत तटस्थ राहण्याची होती. शोषण दिसलं तिथे भिडायचं, श्रद्धेला हात लावायचा नाही. शिबिरात माझ्या शेजारी बसून चमत्कारांचे प्रयोग शिकणारे एक वारकरी काका दरवर्षी आळंदीहून पायी जायचे. जिभेतून तार आरपार काढायच्या प्रयोगात त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी साफ होता.

जादूटोणाविरोधी कायद्याचंच पाहा. मसुदा वर्षानुवर्षं विधिमंडळात अडकला होता. पुढे आणतो म्हणणारे आणि अडवणारे दोन्ही सर्व बाजूंना होते. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात पुलावर डॉक्टरांचा खून झाला, चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं आणि आधीची कितीतरी वर्षंही त्यांचंच होतं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. कायद्यात देव मानण्या-न मानण्याबद्दल एक अक्षर नाही. शिक्षा होते ती अघोरी कृत्यांना.

दाभोलकरांची मुळं समाजवादी युवक चळवळीत होती आणि 1998 पासून ते 'साधना' साप्ताहिकाचे संपादक होते. ते सुरू केलं साने गुरुजींनी. तेच साने गुरुजी, ज्यांनी मे 1947 मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं. एका साप्ताहिकाच्या खुर्चीवर आधी विठ्ठलासाठी रडणारा माणूस, नंतर देव न मानणारा. समाजवाद्यांच्या घरात हे चालून जायचं. डॉ. राममनोहर लोहिया स्वतःला नास्तिक म्हणवायचे आणि राम, कृष्ण, शिवावर भारावून लिहायचे.

तामिळनाडूत नास्तिकांचा पक्ष सत्तेवर आला. महाराष्ट्रात का नाही?

आधी तिथलं नीट पाहू. पेरियार रामस्वामींनी 1925 मध्ये आत्मसन्मान चळवळ सुरू केली, 1953 मध्ये भर रस्त्यात गणपतीच्या मूर्ती फोडल्या. देव नाही, देव नाही, देव नाहीच, असं त्यांच्या पुतळ्यांखाली कोरलेलं असतं. पण सत्तेवर आले ते पेरियार नव्हेत. 1949 मध्ये त्यांच्यापासून फुटून अण्णादुराईंनी द्रमुक काढला आणि 1967 मध्ये तो सरकारात आला. अण्णांनी निवडणुकीच्या वाटेवर मूर्तिभंजन सोडून दिलं. 'एकच कुळ, एकच देव' ही जुन्या शैव संताची ओळ त्यांनी पक्षाचं सूत्र केली. मी गणपतीही फोडणार नाही आणि गणपतीपुढे नारळही फोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं सांगितलं जातं. मला हे वाक्य भयंकर आवडतं. नास्तिकाने राजकारणात कसं वागावं याचा याहून आटोपशीर जाहीरनामा मी तरी वाचलेला नाही.

आणि पक्षनिष्ठेचं म्हणाल, तर पेरियार 1954 पासून 1967 पर्यंत कामराजांच्या काँग्रेसच्या पाठीशी होते, आपल्याच शिष्यांच्या विरोधात. करुणानिधी जाहीर नास्तिक, आणि त्यांचा द्रमुक 1999 ते 2003 वाजपेयींच्या आघाडीत होता. अण्णांचंच नाव लावणाऱ्या दुसऱ्या पक्षाच्या जयललिता उघडपणे देवदेव करायच्या. जात, भाषा आणि दिल्लीशी असलेला हिशेब यांवर तिथले पक्ष बांधले गेले. नास्तिकता त्या लाटेवर चढून आली आणि लाटेबरोबर ओसरतही गेली. कायद्यात मात्र तिची खूण राहिली. पुरोहिताशिवाय झालेले आत्मसन्मान विवाह 1967 मध्ये अण्णांच्या सरकारने कायदेशीर केले.

आता महाराष्ट्र. भटजी नाकारायला इथे देव नाकारावा लागला नाही. जोतिरावांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला, पुरोहिताला लग्नातून हाकललं, पण निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, ठेवला. तुकोबांपासून गाडगेबाबांपर्यंत देवळाच्या दलालांवर सगळ्यात जहरी टीका कीर्तनातूनच झाली. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन "देवळात देव नाही" म्हणायचे आणि समोरचे हजारो लोक "गोपाला गोपाला" करत माना डोलवायचे. जिथे विठ्ठलाच्याच नावाने बडव्यांना शिव्या घालता येतात, तिथे नास्तिकाला वेगळं दुकान टाकायला गाळा कसा मिळणार? त्यात केशवराव जेधे ब्राह्मणेतर चळवळ घेऊन काँग्रेसमध्ये गेले. पुढे त्यांनीच शेतकरी कामगार पक्ष काढला, मार्क्सवादी विचारांचा. पण तो वाढला शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर, जत्रेच्या विरोधात नव्हे.

संयुक्त महाराष्ट्र समितीत तर कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, दलित फेडरेशन आणि हिंदू महासभा एका मांडवात होते. त्या मांडवात ईश्वराच्या अस्तित्वावर मतदान घ्यायचं कुणाला सुचलं नाही हे बरं झालं.

खरंच कधी देवावर मतदान झालंय का?

झालंय. 17 ऑक्टोबर 1949, संविधान सभा. एच. व्ही. कामत यांनी सुचवलं की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करावी. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं, की देवाला मतदानाला उभं करून आम्हाला पेचात टाकू नका. कामत हटले नाहीत. बाजूने 41, विरोधात 68. देव हरला. हृदयनाथ कुंझरूंचा आक्षेप असा, की अशा गोष्टीत सक्ती आली की श्रद्धेचं स्वातंत्र्य उरत नाही. विरोधात हात वर करणाऱ्यांत नास्तिक नसलेलेच जास्त असणार, कारण त्या सभागृहात नास्तिक एवढे नव्हतेच.

नास्तिकाला निवडणूक लढवता येते का? शपथेचं काय?

येते. उमेदवारी अर्जात देवाबद्दल कुणी विचारत नाही. शपथेला संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन वाटा दिल्या आहेत, 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. टीव्हीवर शपथविधी बघताना कोण कुठली वाट घेतो याकडे माझे कान असतात. दुसरी वाट घेणारा नास्तिकच असतो असं नाही. काही श्रद्धाळूंना देवाला या असल्या व्यवहारात साक्षीला ओढणं पटत नाही.

ही दुसरी वाट फुकट मिळालेली नाही. चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 मध्ये इंग्लंडातल्या नॉर्थम्प्टनमधून निवडून आले. नास्तिक आहे, शपथेऐवजी प्रतिज्ञा करतो, म्हणाले. सभागृहाने नाही म्हटलं. मग शपथ घेतो म्हणाले, तर तुमचा देवावर विश्वासच नाही म्हणून तेही नाही. एक रात्र त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. मतदारसंघ पुन्हा पुन्हा त्यांनाच निवडून देत राहिला आणि 1886 मध्ये अखेर त्यांना बसू दिलं. दोन वर्षांनी त्यांच्याच प्रयत्नाने प्रतिज्ञेचा कायदा झाला. हेच ब्रॅडलॉ डिसेंबर 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. हिंदुस्थानची बाजू पार्लमेंटात इतकी मांडायचे की त्यांना 'हिंदुस्थानचे खासदार' म्हणत. 1891 मध्ये ते गेले तेव्हा लंडनमध्ये शिकणारे मोहनदास गांधी त्यांच्या अंत्यविधीला हजर होते.

कायद्याने येतं, पण प्रचाराचा नारळ?

हा खरा अडथळा. माझा एक मित्र नगरपालिकेला उभा होता, देव अजिबात न मानणारा. प्रचाराच्या पहिल्या दिवशी सकाळी आठला कार्यकर्ते मारुतीच्या पारावर जमलेले, फटाक्यांची माळ अंथरलेली, आणि एकाने सोललेला नारळ त्याच्या हातात दिला. तो दोन क्षण नारळाकडे बघत राहिला आणि तो त्याने शेजारी उभ्या असलेल्या आईच्या हातात दिला. आईने एका फटक्यात फोडला, पाणी सगळ्यांच्या चपलांवर उडालं. दुपारपर्यंत जो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, त्यात आई कापलेली होती आणि हा हात जोडून उभा होता, म्हणजे कुणाला तरी नमस्कार करत असावा. आमच्यातले काही त्याच्यावर रुसले. तो दोनेकशे मतांनी पडला, तेही नारळामुळे नव्हे, नळामुळे. त्या वॉर्डात चार दिवसांआड पाणी यायचं आणि समोरचा उमेदवार टँकर आणायचा.

'नास्तिक' हा राजकारणात आरोप कसा झाला?

2022 च्या उन्हाळ्यात राज ठाकरे यांनी शरद पवार नास्तिक असल्याची टीका केली, तेव्हा तो चांगलाच गाजला. पवारांनी उत्तरात सांगितलं, की बारामतीत एका देवळात नारळ फोडून मी प्रचार सुरू करतो, पण त्याचं प्रदर्शन करत नाही. आणि राज यांचे आजोबा प्रबोधनकार ठाकऱ्यांनी देवळांबद्दल काय लिहिलंय ते वाचा, असंही सुचवलं. चिमटा बरोबर बसला, कारण प्रबोधनकारांइतकी देवळांच्या धंद्यावर तिखट लेखणी चालवलेला माणूस विरळा. मला खटकलं ते वेगळंच. 'असेन नास्तिक, मग?' असं म्हणणारा कुणी निघाला नाही. आरोप करणारा आणि खोडणारा दोघांनीही तो आरोपच मानला.

नास्तिकांनी स्वतःचा पक्ष का काढू नये?

दोघा मोठ्या नास्तिकांचा प्रवास सांगतो. मानवेंद्रनाथ रॉय यांना कम्युनिस्ट इंटरनॅशनल या कम्युनिस्टांच्या जागतिक संघटनेतून काढून टाकलं, पुढे त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि 1948 च्या अखेरीस तो विसर्जित केला, कारण पक्ष म्हटलं की माणसाची बुद्धी गहाण पडते. त्यांच्या वर्तुळात वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते आणि उमेदीच्या काळात यशवंतराव चव्हाणही त्या विचाराकडे ओढले गेले होते. तिकडे विजयवाड्याच्या नास्तिक केंद्राचे 'गोरा' (गोपराजू रामचंद्र राव), गांधीजींशी देवावर गप्पा मारणारे, तेही पक्षविरहित लोकशाहीचा प्रचार करत राहिले. देव सोडलेल्या माणसाला हायकमांड मानायला लावणं अवघड जातं.

देशात नास्तिक आहेत किती?

2011 च्या जनगणनेत सुमारे 33 हजार लोकांची नोंद नास्तिक म्हणून झाली, त्यातले साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. याशिवाय धर्म न सांगितलेले सुमारे 28 लाख 67 हजार. दोन्ही आकडे नास्तिक मोजायला निरुपयोगी आहेत. पहिल्यात फक्त हट्टाने लिहून घेतलेले येतात, दुसऱ्यात कोण येतं ते कुणालाच सांगता येणार नाही.

अमेरिकेतही असंच असतं का? मुलगी तिकडे आहे.

तिथे रेघ जास्त ठळक आहे. 1980 च्या आसपास चर्चवादी मंडळी रिपब्लिकन पक्षामागे एकवटली, तेव्हापासून कुठल्याच धर्मात नाव नसलेले लोक मोठ्या संख्येने डेमोक्रॅट्सकडे झुकलेले दिसतात. तरी नास्तिक उमेदवाराचं अवघडच. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेने 1958 मध्ये विचारलं तेव्हा नास्तिकाला अध्यक्षपदासाठी मत देऊ म्हणणारे 18 टक्के होते, 2019 मध्ये 60 टक्के. समाजवाद्याला मात्र त्याच वर्षी 47 टक्केच तयार होते. मुलगी तिकडची नागरिक होणार असेल, तर शपथेतले देवाच्या मदतीचे शेवटचे शब्द वगळायची सोय तिला मागता येते.

'धर्म नाही' असं सरकारदरबारी लिहिता येतं का?

येतं. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये स्पष्ट केलं, की धर्म सांगायची सक्ती कुणावर करता येत नाही आणि मला धर्म नाही असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे. गंमत अशी, की अर्जदार नास्तिक नव्हतेच. येशूवर श्रद्धा असलेली, पण ख्रिस्ती धर्मात मोजून घ्यायची इच्छा नसलेली ती माणसं होती.

लग्नाचं विचाराल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. 1872 च्या जुन्या कायद्याखाली रजिस्टर लग्न करायला आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुणीच नाही असं जाहीर करावं लागे. म्हणजे आंतरजातीय लग्नासाठी कितीतरी भाविक जोडपी कागदोपत्री निधर्मी झाली. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांसाठी ती अट 1923 च्या दुरुस्तीने सुटली, बाकीच्यांसाठी 1954 मध्ये. वारसाहक्काला मात्र नास्तिकाचीही सुटका नाही. हिंदू घरात जन्मलेल्या नास्तिकाला सर्वसाधारणपणे हिंदू वारसा कायदाच लागतो.

येत्या जनगणनेत काय सांगू?

जे खरं असेल ते. प्रगणकाने तुम्ही सांगाल तेच लिहायचं असतं आणि 'धर्म नाही' हेही उत्तर म्हणून नोंदवायचं असतं. 2011 मध्ये आमच्या दारात आलेल्या बाई शिक्षिका होत्या, फेब्रुवारीतल्या उन्हात पाचवा मजला चढून आलेल्या. धर्म विचारला, मी नाही म्हणालो, त्यांचं पेन थांबलं. "म्हणजे... हिंदू लिहू ना?" मी पुन्हा सांगितलं. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "लिहा हो हिंदू, त्याचं काय ऐकता, आणि चहा घेऊन जा." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि चहा आधी घेतला. मग एकेक अक्षर विचारत मी सांगितलं ते लिहिलं, निदान मला तसं दिसलं. या वेळची नोंद मोबाइलवर होणार आहे असं ऐकतो. त्या दिवशी आईला दूध आणायला खाली पाठवायचं, एवढं मी ठरवून ठेवलंय.